डेव्हलपरच बँकेचा अध्यक्ष आणि माजी नगरसेवक असेल, तर सोसायटीने काय पाहावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तुम्ही लिहिलेलं थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मुलुंड पूर्वेला 1979 सालची तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत, 36 सभासद. पुनर्विकासासाठी तीन ऑफर आल्या. त्यांतली सगळ्यांत भरघोस ऑफर ज्या गृहस्थांची आहे ते बांधकाम व्यवसायात आहेत, एका नागरी सहकारी बँकेचे अध्यक्ष आहेत आणि दोनदा नगरसेवक होते. सोसायटीची 42 लाखांची मुदत ठेव त्यांच्याच बँकेत आहे. तुमच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी त्यांनीच रात्री अकराला फोन फिरवून खाट मिळवून दिली होती. वडील म्हणतात, असा माणूस मिळायला भाग्य लागतं. तुम्ही विचारता, हा माणूस भरवशाचा आहे का हे ओळखायचं कसं?

मी बावीस वर्षं सहकारी बँकांचं लेखापरीक्षण केलं. गेली बारा वर्षं पुनर्विकासात फक्त सोसायट्यांच्या बाजूने कागद तपासते, तेही बहुतेक घाटकोपर ते मुलुंड ह्याच पट्ट्यात. बँक, बांधकाम आणि राजकारण ह्या तिन्ही ठिकाणी पाय असलेली बरीच माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यावरून सांगते.

'माणूस भरवशाचा आहे का' ह्या प्रश्नाच्या मागे लागू नका. मी ज्यांची खाती तपासली त्यांतले काही जण मनाने खरोखर चांगले होते, लोकांच्या अडीअडचणीला धावणारे होते. तरीही त्यांच्या इमारती अर्ध्यावर राहिल्या. तुम्ही विचारायला हवं ते असं: ह्यांचा पैसा ज्या दिवशी अडकेल, त्या दिवशी तुमची सोसायटी किती बाजूंनी त्यांच्यावर अवलंबून असेल? आज ती तीन बाजूंनी आहे. घर त्यांच्या हातात जाणार, ठेव त्यांच्या बँकेत आहे, आणि गाऱ्हाणं घेऊन जायची वेळ आली तर वॉर्डातला वजनदार माणूसही तेच. ह्या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घ्या. त्या सोडवल्यावर हेच गृहस्थ तुम्हाला उत्तम डेव्हलपर ठरू शकतात. न सोडवता कोणीही आला, अगदी देवमाणूस आला, तरी मी तुम्हाला सही करू नका असंच सांगेन.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही आधीच सांगते. ते बँकेचे आजही अध्यक्ष आहेत की निवडणूक जवळ आली म्हणून पद सोडलंय? बांधणारी संस्था कंपनी आहे की घरातली भागीदारी फर्म? एका वेळी त्यांच्या किती इमारती पाडून ठेवलेल्या आहेत? शेवटचा प्रश्न माझ्या लेखी सगळ्यांत मोठा. दोन प्रकल्प हातात असलेला मध्यम डेव्हलपर आणि नऊ प्रकल्प पाडून बसलेला मोठा डेव्हलपर, ह्यांत मी डोळे झाकून पहिल्याकडे जाईन.

आता ह्या माणसांचं आयुष्य कसं चालतं ते थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय धोका नेमका कुठे असतो ते कळत नाही. ज्या बँकेचं मी समवर्ती (म्हणजे कामकाज चालू असतानाच होणारं) लेखापरीक्षण करत होते, तिचे अध्यक्ष असेच होते. सकाळी साडेसातला त्यांच्या जनसंपर्क कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग लागलेला असे. कोणाला शाळेत प्रवेश हवा, कोणाच्या चाळीत चार दिवस पाणी नाही, कोणाचं रेशनकार्डावरचं नाव चुकलंय. टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा आणि शेजारी शिक्का. शिफारसपत्र लिहून होईपर्यंत समोरच्याला चहा आलेला असे. अकराला साइट. तीन वाजता बँक. संध्याकाळी दोन लग्नं, एखादी सत्यनारायणाची पूजा, आणि गणपतीच्या दिवसांत तर रात्री एकपर्यंत मंडळं. मी त्यांना कधी कोणाशी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नाही. कर्ज समितीत फाइल उघडायच्या आधीच त्यांना अर्जदाराच्या मुलीचं नाव आणि तिची इयत्ता ठाऊक असे.

ही ओळख ही खरी ताकद आहे, तिला कमी लेखू नका. मोठी बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्या रिक्षावाल्याला, पोळीभाजी केंद्रवालीला अशा बँकांनी कर्ज दिलं आणि ते फिटलंही. मुंबईतल्या सहकारी बँका समाजकारणातून आणि राजकारणातूनच उभ्या राहिल्या आहेत. जॉर्ज फर्नांडिसांनी 1968 साली कामगारांसाठी बाँबे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली, तीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. तेव्हा राजकारणातला माणूस बँकेवर आहे म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं मी अजिबात मानत नाही.

अडचण सुरू होते ती बांधकामापाशी. पुनर्विकासात डेव्हलपरचा पैसा आधी जातो आणि बराच उशिरा परत येतो. तुमचंच उदाहरण घेऊ. समजा, दर घराला महिना 40,000 रुपये भाडं ठरलं. 36 घरांचे महिन्याला 14 लाख 40 हजार झाले, तीन वर्षांचे 5 कोटी 18 लाख. त्यावर ब्रोकरेज, सामान हलवण्याचा खर्च, कॉर्पस (सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम), करारांचं मुद्रांक शुल्क, वाढीव एफएसआयसाठी (जमिनीवर किती बांधता येईल त्याच्या वाढीव प्रमाणासाठी) महापालिकेत आणि सरकारात भरायचा प्रीमियम, हवा असेल तर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क). विक्रीच्या घरांचे पैसे हातात येऊ लागतात ते नंतर, आणि बाजार थंड असेल तर फारच नंतर. मधल्या काळात पैसा लागतो. बाहेरचा वित्तपुरवठादार त्यासाठी तारण मागतो, भरपूर व्याज लावतो आणि दर महिन्याला प्रश्न विचारतो. अशा वेळी ज्याच्या हाताशी स्वतःची बँक असते, त्याच्या मनात काय येत असेल ते वेगळं सांगायला नको. चोरी करावी असं नसतंच मनात. चार महिन्यांपुरते वापरू, फ्लॅट विकले की परत टाकू, एवढंच असतं.

कायद्याने हा दरवाजा बंद आहे. नागरी सहकारी बँकेने आपल्या संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना किंवा त्यांचा हितसंबंध असलेल्या फर्मला कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने 2003 पासूनच बंदी घातली आहे. स्वतःच्या मुदत ठेवीवरचं कर्ज वगैरे मोजके अपवाद सोडले तर काही देता येत नाही. एका कर्जदाराला बँकेच्या टियर 1 भांडवलाच्या (बँकेच्या स्वतःच्या मूळ भांडवलाच्या) 15 टक्क्यांपेक्षा आणि एका समूहाला 25 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, असा 2020 पासूनचा नियम आहे. 2021 पासून खासदार, आमदार किंवा नगरसेवक असलेल्या माणसाला नागरी सहकारी बँकेचा व्यवस्थापकीय संचालक होता येत नाही. अध्यक्षपदाला मात्र हे लागू नाही. म्हणजे नियम आहेत आणि बऱ्यापैकी कडक आहेत. पण बंद दाराला वळसा कसा घालतात ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

31 मार्चची संध्याकाळ होती, शाखेत दिवसअखेरची धांदल. तीन कर्जखाती जवळजवळ तीन महिने थकलेली होती. 90 दिवस ओलांडले की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरतं, त्यामुळे माझं लक्ष तिकडेच होतं. सहा वाजता पाहिलं तर तिन्ही खात्यांचं व्याज पूर्ण भरलेलं, अगदी पैशापर्यंत. व्हाउचर मागवली. पैसा एका बांधकाम साहित्य पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यातून आला होता. त्या व्यापाऱ्याला त्याच दुपारी चार वाजता नवी कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) मंजूर होऊन उचलही मिळाली होती. त्याची फाइल उघडली. त्यात गोदामाच्या पाहणीचा फोटो होता: रेतीचा ढीग, त्यावर निळी ताडपत्री, आणि मागे अर्धवट दिसणारा एक फलक. तो फलक अध्यक्षांच्या साइटचा होता. अर्जावरचा मोबाइल नंबर तिथल्या सुपरवायझरचा निघाला. म्हणजे बँकेचाच पैसा नव्या कर्जाच्या रूपाने फिरून थकलेल्या खात्यांत आला होता.

शाखाधिकारी निवृत्तीला आलेले होते. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, माझ्या मुलाला साहेबांनीच इथे लावलाय हो." त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. मी शेरा लिहिला. तो शेरा ज्या संचालक मंडळापुढे गेला, त्याच्या मधल्या खुर्चीवर तेच अध्यक्ष बसले होते. पुढे तपासणीत सगळं बाहेर आलं, पण मध्ये दोन वर्षं गेली आणि तोवर त्यांच्या चार इमारतींमधल्या सभासदांचं भाडं थांबलेलं होतं. त्या पैशातून त्यांनी बंगला बांधला नव्हता. सगळा पैसा इमारतींमध्येच गेला होता, आणि इमारती विकल्या जात नव्हत्या. एका माणसाच्या अडचणीने तीन प्रकारची माणसं एकाच महिन्यात अडचणीत आली: ठेवीदार, भाड्याने राहणारे जुने सभासद आणि नवे ग्राहक. कित्येक घरांत ही तिन्ही एकच माणसं होती.

मोठ्या प्रमाणावर हे सगळ्या मुंबईने 2019 मध्ये पाहिलं. 23 सप्टेंबरला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढायची मुभा होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी 70 टक्क्यांहून अधिक, साधारण 6,500 कोटी, एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे, अडकलेले निघाले आणि ते झाकण्यासाठी 21,000 हून जास्त खोटी खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं. भांडुप-मुलुंडच्या शाखांबाहेरच्या रांगा तुम्हीही पाहिल्या असतील. जानेवारी 2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. त्या योजनेत वैयक्तिक ठेवीदारांना ठेव विम्याच्या मर्यादेवरची रक्कम टप्प्याटप्प्याने दहा वर्षांत मिळायची आहे. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्यावरच्या रकमेचे 80 टक्के तर 1 टक्का लाभांशाच्या प्राधान्य समभागांत बदलले गेले. सोसायटी ही व्यक्ती नसते, हे इथे लक्षात घ्या.

म्हणून पहिलं काम ठेवीचं. पुनर्विकासाचा निर्णय काहीही होवो, हे आधी करा. ठेव विमा 4 फेब्रुवारी 2020 पासून एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. तुमच्या समितीने 42 लाखांच्या आठ पावत्या केल्या आहेत आणि त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असं त्यांना वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. नाही. आठ पावत्या असोत की ऐंशी, दोन शाखांत असोत की पाच, सोसायटी हा एकच ठेवीदार आणि विमा एकूण 5 लाखांचाच. राहिलेले 37 लाख उघडे आहेत. मुदतीपूर्वी मोडल्यावर थोडं व्याज कापलं जाईल, ते जाऊ द्या. कोणाला वाईट वाटू नये म्हणून खोटं कारण सांगत बसू नका. 'पुनर्विकासाचा करार होणार असल्याने संस्थेचा निधी डेव्हलपरशी संबंध नसलेल्या बँकेत ठेवण्याचा ठराव झाला आहे' असं सरळ लिहून पत्र द्या. समंजस माणूस हे समजून घेईल. पत्र मिळाल्यावर ते कसे वागतात, ह्यावरूनही तुम्हाला बरंच कळेल.

दुसरं, बँक गॅरंटी. पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खाली सरकारने 2009 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या 4 जुलै 2019 च्या निर्णयाने सुधारल्या. डेव्हलपरने प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी द्यावी, डेव्हलपर समिती सदस्यांचा नातेवाईक नसावा, निवडीच्या सभेला सहकार खात्याच्या उपनिबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर असावा आणि चित्रीकरण व्हावं, हे त्यांत आहे. न्यायालयाने ह्या सूचना काटेकोर बंधनकारक नसल्याचंही म्हटलं आहे, त्यामुळे सूचनेत आहे म्हणून मिळेलच असं समजू नका, करारात लिहून घ्या. आणि तुमच्या बाबतीत एक वाक्य जास्त हवं: ही गॅरंटी डेव्हलपर, त्यांचे कुटुंबीय किंवा भागीदार संचालक असलेल्या कोणत्याही बँकेची नसेल. त्यांच्याच बँकेची गॅरंटी घेणं म्हणजे त्यांच्या एका खिशाला दुसऱ्या खिशाचा जामीन. ज्या दिवशी ती वटवायची वेळ येईल, त्या दिवशी बँकही त्याच संकटात असेल. गॅरंटी राष्ट्रीयीकृत बँकेची, मुंबईतल्या शाखेत, विनाशर्त, मागताक्षणी देय, आणि मुदत ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळून पुढे काही महिने अशी असावी.

रेराबद्दल, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीच्या कायद्याबद्दल, तुम्ही लिहिलंय की नोंदणी झाली की आपले पैसे सुरक्षित. हा गैरसमज फार पसरलेला आहे. रेरात 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची असते ती विक्रीच्या घरांच्या ग्राहकांकडून आलेल्या पैशाची. त्यातून बांधकाम पुढे जातं, म्हणून तुम्हाला अप्रत्यक्ष फायदा आहे. पण तुमचं भाडं आणि तुमचा कॉर्पस ह्यांची हमी तिथे नाही. जुन्या सभासदाचं संरक्षण त्याच्या विकास करारात आणि प्रत्येकाच्या नावच्या कायमस्वरूपी पर्यायी निवासाच्या नोंदणीकृत करारात असतं. मग महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर काय पाहायचं? त्यांच्या आधीच्या प्रकल्पांच्या पूर्णत्वाच्या तारखा किती वेळा पुढे ढकलल्या आहेत आणि कोणता बोजा (कर्जापोटीचं तारण) नोंदवलेला आहे, एवढं पाहा.

राजकारणातल्या माणसाचा एक मोठा फायदा असा की त्याची माहिती उघड्यावर असते. 2002 आणि 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर उमेदवाराला मालमत्ता, देणी आणि गुन्हे ह्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. तुमचे गृहस्थ दोनदा निवडून आले, म्हणजे निदान दोन शपथपत्रं आहेत. लोक मालमत्तेचा आकडा पाहून डोळे विस्फारतात आणि कागद ठेवून देतात. मी देण्यांच्या रकान्यापासून सुरुवात करते. कोणत्या बँकांचं, कोणत्या पतसंस्थेचं, कोणत्या नातेवाइकाचं किती देणं. मालमत्ता कर किंवा आयकराची थकबाकी किंवा वाद आहे का. पाच वर्षांत मालमत्ता दुप्पट झाली आणि देणी पाचपट, असं आहे का. पण शपथपत्रात स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेलेच येतात. सज्ञान कमावता मुलगा, भाऊ, पुतण्या येत नाहीत, आणि बहुतेक फर्म त्यांच्याच नावांवर असतात.

त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं. फर्म कंपनी असेल तर तिच्या मालमत्तेवर कोणी बोजा चढवलाय त्याची यादी कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यांच्या चालू प्रकल्पांच्या जमिनींचा नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोध घ्या. हक्काचे कागद ठेवून केलेल्या तारणाची नोटीसही महाराष्ट्रात दाखल करावी लागते, ती तिथे दिसते. आणि बँकेचा वार्षिक अहवाल तर तुमच्याच घरात असेल. वडील त्या बँकेचे भागधारक आहेत ना? वार्षिक सभेच्या भेटवस्तूबरोबर आलेलं ते पुस्तक शोधा. शेवटच्या पानांतल्या टिपांमध्ये 'संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे' अशी ओळ असते. ढोबळ एनपीएचं प्रमाण असतं, भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या तुलनेत बँकेचं भांडवल किती) असते. तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा. बांधकाम क्षेत्राला दिलेली कर्जं दरवर्षी वाढत चालली असतील तर मला चिंता वाटेल.

कागदांपेक्षा मला जास्त सांगणारी एक वही होती, तिच्याबद्दल सांगते. तीनेक वर्षांपूर्वी एका सोसायटीसाठी मी डेव्हलपरच्या आधीच्या प्रकल्पातल्या सभासदांना भेटायला गेले होते. सगळे म्हणत होते, भाडं वेळेवर येतं, काही तक्रार नाही. एका काकूंनी मात्र हिशेबाची वही काढली. दर महिन्याचा भाड्याचा चेक कोणत्या तारखेला जमा झाला ते त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. पहिलं वर्षभर 1 किंवा 2 तारीख. मग 5. मग 9, 11, 18. एका महिन्यात 27, आणि त्यानंतर दोन महिन्यांचा चेक एकत्र. काकूंना त्यात काही खटकलं नव्हतं, पैसे तर येतच होते. मी त्या सोसायटीला तिथेच थांबायला सांगितलं. त्यानंतर सात महिन्यांनी त्या प्रकल्पाचं भाडं बंद पडलं. तुम्हीही आधीच्या सभासदांकडे जाल तेव्हा लाद्या आणि लिफ्ट कशी आहे हे विचारायला वेळ घालवू नका. पासबुकातल्या तारखा मागा.

आता वजनाबद्दल. 'साहेब आहेत, फाइल अडणार नाही,' हे वाक्य प्रत्येक सभेत उठतं. ओळखीने फाइल टेबलावरून टेबलावर लवकर सरकते, हे मी नाकारत नाही. पण गेल्या बारा वर्षांत माझ्यासमोर रखडलेले बहुतेक प्रकल्प परवानगीसाठी अडले नव्हते. प्रीमियम भरायला पैसा नव्हता म्हणून सीसी (बांधकामाची परवानगी) पुढे वाढत नव्हती. तिथे ओळख काही करू शकत नाही. उलट वजन उलटंही फिरतं. वरची समीकरणं बदलली, पक्ष फुटला, तिकीट दुसऱ्याला गेलं की त्याच माणसाच्या फाइली आधी बाहेर काढल्या जातात. तुमच्या घराचा ताबा कोणत्या पक्षाची सत्ता आहे ह्यावर ठरू नये.

तुमच्या वडिलांबद्दल लिहायचं मी शेवटी ठेवलं, कारण तिथे सगळ्यांत जपून बोलायला हवं. त्यांचं ऋण खरं आहे. रात्री अकराला ज्याने खाट मिळवून दिली त्याच्याबद्दल मनात शंका आणायची, हेच त्यांना कृतघ्नपणाचं वाटत असणार. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना फोर्टात घेऊन जा आणि राजाबाई टॉवर दाखवा. तो प्रेमचंद रायचंदांनी दिलेल्या पैशातून उभा राहिला, त्यांच्या आईच्या नावाने. 1864 साली विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये देणारा हा माणूस. त्या काळी अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, बॅकबेची जमीन समुद्र हटवून करायच्या कंपनीचा 5,000 चा शेअर 50,000 च्या घरात गेला होता, आणि बँक ऑफ बाँबेतही प्रेमचंदांचाच शब्द चालत होता. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअर कोसळले आणि त्या शेअरांवर दिलेली कर्जं घेऊन बँकही बसली. 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली. प्रेमचंदांच्या दानतीत काही खोट नव्हती. ठेवीदारांना त्या दानतीचा उपयोग झाला नाही, एवढंच वडिलांना सांगा. त्यांना आपलं ऋण फेडायचं असेल तर ते त्यांनी स्वतःच्या मताने, स्वतःच्या वेळेने फेडावं. बाकीच्या 35 घरांच्या सह्यांनी ते फेडता येणार नाही, हे ते समजून घेतील असं मला वाटतं.

आणि समितीतल्या दोघांची मुलं त्या बँकेत नोकरीला आहेत, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते जाता जाता लिहिण्यासारखं नाही. नियमाने ते नातेवाईक ठरत नाहीत, पण त्या दोघांवर वाटाघाटीचं ओझं टाकणं त्यांच्यावरही अन्याय आहे. मला ते शाखाधिकारी आठवतात. त्या दोघांशी आधी खासगीत बोला, मग सर्वसाधारण सभेत सगळ्यांनीच आपले डेव्हलपरशी आणि बँकेशी असलेले संबंध सांगून इतिवृत्तात नोंदवावेत असा ठराव आणा. वाटाघाटीसाठी संबंध नसलेल्या पाच सभासदांची उपसमिती करा. तुमचे सल्लागार आणि वकील डेव्हलपरने सुचवलेले नकोत, त्यांची फीसुद्धा सोसायटीच्या खात्यातून जाऊ दे.

करारात एवढं नक्की पाहा, थोडक्यात सांगते. सोसायटीची जमीन आणि तुमची 36 घरं कोणाकडेही तारण जाणार नाहीत, कर्ज काढायचं तर ते फक्त विक्रीच्या घरांवर. ते कर्जही त्यांच्या बँकेचं नसेल. पहिल्या वर्षाचं भाडं घर रिकामं करण्यापूर्वी खात्यात, पुढच्या वर्षांचे पुढच्या तारखांचे चेक हातात. भाडं ठरावीक दिवसांपेक्षा जास्त थकलं तर नोटीस आणि मग करार संपवण्याचा सोसायटीचा हक्क. कुलमुखत्यारपत्र परवानग्यांपुरतं. विक्रीच्या घरांचा ताबा तुमच्या घरांच्या ओसीनंतरच. आणि त्यांचं स्वतःचं व मुलांचं ज्या बँकांत, पतसंस्थांत पद आहे त्यांची यादी शपथपत्रावर, बदल झाला तर कळवण्याच्या बंधनासह.

ह्या अटी ते मान्य करतात की नाही ह्यावर तुमचं उत्तर आहे. मी असे दोन गृहस्थ पाहिले आहेत ज्यांनी यादी शांतपणे वाचली, एकाने भाड्याच्या चेकची मुदत थोडी कमी करून मागितली, आणि दोघांनी करार केला. त्यांतली एक इमारत ठरल्या वेळेपेक्षा पाच महिने उशिरा पूर्ण झाली, पण भाडं एकदाही चुकलं नाही. दुसऱ्या काहींनी समितीच्या अध्यक्षांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आपल्यात कागद कशाला?"

तुमची सभा 15 दिवसांवर आहे. तोवर ठेवीच्या आठ पावत्यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर काढा, बँकेचे तीन अहवाल मिळवा आणि त्यांच्या आधीच्या दोन इमारतींतल्या निदान सहा सभासदांना भेटा. विकास कराराचा मसुदा आला की तारणाचं कलम आधी वाचा. ते न समजण्यासारखं लिहिलेलं असेल तर नावं झाकून इथे टाका, मी वाचून सांगेन.